शिकून काय करायचं, पगार तर चांगला आहे!



इंदूरला ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना परदेशीपुरा वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उत्तरेकडून मिलमध्ये कामाला आलेल्या लोकांना आपली मराठी माणसं 'परदेशी' म्हणायची, त्यावरून हे नाव पडलं असं जुनी मंडळी सांगतात. शेजारी मालवा मिलचा चौराहा आणि पाटणीपुरा. जवळच नंदानगर, ही कामगारांसाठी वसवलेली वस्ती, गुलझारीलाल नंदांच्या नावाची. कामगार विम्याचं हॉस्पिटल तिथंच आहे, आयटीआयही त्याच बाजूला. परदेशीपुऱ्याला लागून क्लर्क कॉलनी, आणि थोडं पुढं इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स. एखाद्या सकाळी पायी निघालात तर कामगार, कारकून, फिटर आणि सॉफ्टवेअरवाले या सगळ्यांचे पत्ते दुपारच्या जेवणाआधी बघून होतील.

या महिन्याचा विषय याच भागातला आहे आणि तो काढला माझ्या पुतण्यानं. तो यंदा बारावीला आहे. त्याचे बाबा, म्हणजे माझे चुलतभाऊ, पिथमपूरच्या एका वाहन कारखान्यात कायम नोकरीत आहेत. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना त्यानं विचारलं, "काका, बीई करून निघालं की सुरुवातीला किती मिळतात?" मी खरं ते सांगितलं. मोठ्या आयटी कंपन्यांत नवीन भरती झालेल्या साध्या इंजिनिअरला गेली दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच वार्षिक पगार मिळतो. पेट्रोल वाढलं, घरभाडी वाढली, हा आकडा फारसा हलला नाही. त्यावर तो म्हणाला, "बाबांना तर याच्या दुप्पट मिळतात, आणि ते आयटीआय आहेत. मग चार वर्षं आणि इतकी फी कशाला?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. घरातला इंजिनिअर काहीतरी चांगलं बोलेल अशी त्यांची अपेक्षा. पण मुलाचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या घरात हाच हिशेब साठ वर्षांपासून चालू आहे, आणि प्रत्येक पिढीत तो बरोबरच होता. बरोबर हिशेब करूनही घर अडचणीत कसं येतं, ते आज सांगायचं आहे.

इंदुरात कापडाची मिल आणली ती होळकरांनी. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८७० च्या सुमारास, स्टेट मिल उभी राहिली. तेव्हा इंदूरपर्यंत रेल्वे नव्हती, म्हणून यंत्रं खंडव्याहून हत्तींवरून आणली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. पुढं विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा मिल्स निघाल्या. उत्तर प्रदेश, राजस्थान, खानदेश, सगळीकडून माणसं आली. आमचे आजोबा आले ते खानदेशातून, एक वळकटी आणि एक ओळखीचा पत्ता घेऊन.

आजच्या पिढीला 'मिलमजूर' म्हटलं की डोळ्यांसमोर गरिबी येते. एका काळापुरतं ते खरं होतं, पण स्वातंत्र्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांतल्या कायम कामगाराबद्दल ते खरं नाही. इंदुरात कामगार संघटना जोरदार होत्या. एकीकडं इंटकचे व्ही. व्ही. द्रविड, जे पुढं राज्याचे श्रममंत्री झाले, आणि दुसरीकडं कम्युनिस्ट होमी दाजी, ज्यांना इंदूरनं १९६२ मध्ये लोकसभेवर पाठवलं. आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, विम्याचं हॉस्पिटल. १९६५ च्या कायद्यानंतर बोनस हा हक्क झाला. पुढं तो कमीत कमी ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाला तेरावा पगार. चांगल्या वर्षी तो २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होता. त्या काळी शेतमजुराला, दुकानातल्या नोकराला किंवा खाजगी शाळेतल्या मास्तरांना यातलं काय मिळत होतं?

आता आमच्या घरातला हिशेब बघा. मोठे काका नववीत असताना आजोबांनी त्यांना मिलमध्ये 'बदली' म्हणून लावलं. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. चार वर्षांत ते कायम झाले. माझे बाबा धाकटे. त्यांना अभ्यासाची आवड होती, मॅट्रिक झाले आणि सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. कित्येक वर्षं काकांचा पगार बोनस धरून बाबांपेक्षा जास्त होता. काकांकडं रेडिओ आधी आला, फ्रिज आधी आला, लग्नकार्यात त्यांचा आहेर मोठा असायचा. बाबा पांढरा शर्ट घालून सायकलवर जायचे आणि महिनाअखेरीला काकांकडून उसने घ्यायचे. शिकलेला उसने घेतोय आणि नववीवाला देतोय, हे रोज दिसत असताना चाळीतल्या बापांनी पोरांना काय सांगायचं?

त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं: "शिकून काय करायचं? माझ्या जागी लाग." कायम कामगाराच्या मुलाला मिलमध्ये घ्यायची पद्धत होती. ती जागा हीच त्या घराची खरी इस्टेट. शेतकऱ्याच्या घरात जमीन असते तशी या घरात 'जागा' होती. मुलगा दहावीत नापास झाला तर दुःख व्हायचं, पण घाबरायचं कोणी नाही.

याचा एक उलटा परिणाम मात्र कोणी ठरवला नव्हता. जागा मुलाला मिळायची, मुलीला नाही. त्यामुळं मुलाची शाळा पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुटायची आणि मुलगी लग्न ठरेपर्यंत शिकत राहायची, कारण तिला शाळेतून काढून कुठं लावणार? आमच्या आत्या अशाच शिकल्या. आधी मॅट्रिक, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग, मग सरकारी शाळेत नोकरी. त्यांना शिकवायचं असं घरात कोणी ठरवलं नव्हतं. त्या शिकतच राहिल्या, एवढंच.

मग १९९१ आलं.

खरं म्हणजे धोक्याची घंटा आधीपासून वाजत होती. १९७४ मध्ये सरकारनं देशभरातल्या आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यात इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी होत्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडत होतं. भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्या शेजारचं बऱ्हाणपूर इथं तेच कापड कमी मजुरीत, बोनस-फंडाशिवाय विणलं जात होतं. मिल्समधली यंत्रं जुनी झाली होती आणि मालकांना नवी घेण्यात रस नव्हता. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली. ५,८९५ कामगार एका दिवसात घरी बसले. काकांची मिलही त्याच काळात बंद पडली.

हुकुमचंदच्या कामगारांचं पुढं काय झालं ते सगळ्या इंदूरला माहीत आहे, पण बाहेरच्या मंडळींना कदाचित नसेल. देणी थकली, प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टानं २००७ मध्ये २२९ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. मिलकडं शहराच्या मध्यात बेचाळीस एकरांवर जमीन होती, पण ती विकून पैसे हातात यायला आणखी सोळा वर्षं गेली. कामगार वर्षानुवर्षं दर रविवारी मिलच्या गेटवर जमत राहिले. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटींचा धनादेश देण्यात आला. तोपर्यंत दोन हजारांहून जास्त कामगार वारले होते. २२४ कोटींना ५,८९५ नं भागा. माणशी चार लाखांच्या आत येतात, बत्तीस वर्षं थांबल्याबद्दल.

काकांचं वय तेव्हा चाळिशीचं. ते साच्यावरचे फार चांगले कारागीर होते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात आपला कुठला साचा बिघडणार ते आवाजावरून ओळखायचे. धोटा कसा पळतोय, धागा कुठं ताणला जातोय, हे त्यांना न बघता कळायचं. अशी माणसं नोकरी शोधायला निघाली तेव्हा फॉर्मवर दोन रकाने असायचे: शिक्षण आणि कामाचा अनुभव. शिक्षणात 'नववी'. अनुभवात 'साचाखाता, तेवीस वर्षं'. समोरच्या कारखान्यात साचे नव्हते, म्हणून अनुभव शून्य. फॉर्मवर शिक्का पडला 'अकुशल'. काकांना शेवटी एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं, पगार आधीच्या निम्म्याहून कमी.

इथं कोणी म्हणेल, बघा, शिकले असते तर! थांबा. मिलचे कारकूनही त्याच दिवशी बेकार झाले होते. क्लर्क कॉलनीतसुद्धा त्या दिवाळीनंतर बऱ्याच घरांत किराण्याची यादी लहान झाली. पदवीनं कोणाची नोकरी वाचली नाही. फरक पुढच्या सहा महिन्यांत पडला. ज्याला टायपिंग येत होतं, हिशेब येत होता, ज्याच्याकडं दाखवायला प्रमाणपत्र होतं, तो सियागंजच्या एखाद्या व्यापाऱ्याकडं वह्या लिहायला बसला. पगार कमी, पण काम त्याच्या ओळखीचं. काकांच्या हातात तेवढीच, कदाचित जास्तच विद्या होती, पण ती दुसऱ्या गेटवर वाचता येईल अशी कुठं लिहिलेली नव्हती.

ती विद्या खरी होती याचा पुरावा दर अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यावर निघतो. मिल्सच्या झांक्यांची मिरवणूक १९२० च्या दशकात सुरू झाली. फिरती चाकं, हलणारे देव-राक्षस, रांगेनं उजळणारे हजारो दिवे हे सगळं मिलमधले फिटर, सुतार आणि वायरमन करत. कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले नव्हते. मिल्स बंद झाल्या, पगार बंद झाले, तरी कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या चालत्या गाडीवर मोटार, गिअर आणि वायरिंग बसवून ते रात्रभर बंद न पडता चालवून दाखवणं हे काय साधं काम आहे? मी बीईच्या शेवटच्या वर्षी केलेला प्रोजेक्ट त्यापुढं काहीच नव्हता, आणि मला त्याचे मार्क मिळाले होते.

तेव्हा त्या घरांना शिक्षण नको होतं असं म्हणणं खोटं आहे. ती माणसं रोज शिकत होती. फक्त त्या शिक्षणाची किंमत एकच खरेदीदार देत होता, मिल. आणि पगार चांगला असल्यामुळं दुसरा खरेदीदार शोधायची गरज कधी वाटली नाही. कमी पगाराच्या माणसाला रोज रात्री पर्याय सुचतात. चांगला पगार असला की पुढचा विचार करायला फुरसत असते, पण निमित्त नसतं.

पैशाचंही तेच झालं. कामगारांनी पैसा उधळला असं म्हणणारे मला भेटतात. दारूत घालवणारे होतेच, ते कुठं नसतात? पण बहुतेकांचा पैसा गावाकडच्या भावंडांत, बहिणींच्या लग्नात, आईच्या औषधात गेला. प्रॉव्हिडंट फंडातून मुलीच्या लग्नाला रक्कम काढली, कारण पुन्हा भरली जाईलच. राहायची खोली मिलच्या भरवशावर, उधारी मिलच्या नावावर. बनिया दुकानदार विचारायचा, "कौनसी मिल में?" आणि वही उघडायचा. मिल बंद झाल्यावर त्याच वहीतलं खातं बंद झालं. त्यांच्याकडं पैसा आला होता, पण तो थांबला नाही. मिल चालू असेपर्यंत तो थांबवायची गरजही दिसत नव्हती.

आमच्या घराला त्या वर्षांत कोणी उभं धरलं? आत्यांच्या पगारानं. ज्यांच्यासाठी 'जागा' नव्हती त्यांच्या. काकांचा मुलगा, म्हणजे आजच्या आमच्या पुतण्याचे बाबा, तेव्हा दहावीला होता आणि शाळा सोडून मिलमध्ये लागायची वाट बघत होता. आत्यांनी त्याला दहावी पूर्ण करायला लावली आणि नंदानगरच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला घातलं. त्यानंतर ॲप्रेंटिस, मग परीक्षा देऊन ॲप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. आधी एका कारखान्यात, तो डगमगला तर दुसऱ्यात, मग आत्ताच्या नोकरीत. काकांना तेवीस वर्षांत एक गेट मिळालं, त्यांच्या मुलाला तीन. हातात कौशल्य दोघांच्याही होतं. मुलाचं कागदावर आलं होतं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडं येतो. बीई करावं की आयटीआय करून बाबांसारखं प्लांटमध्ये जावं? मी त्याला सांगितलं की यातला एक रस्ता शहाण्यांचा आणि दुसरा मूर्खांचा असं काही नाही. जर्मनीत मुलं शाळेनंतर तीन-साडेतीन वर्षं कारखान्यात काम आणि व्यवसाय-शाळा एकत्र करतात, शेवटी परीक्षा देतात. पुढं आणखी शिकून 'माइस्टर' झालेला कारागीर तिथल्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत पदवीधराच्याच पातळीवर, सहाव्या, धरला जातो. तिथं त्याला कोणी 'शिकला नाही' म्हणत नाही. आपल्याकडंही दार बंद नाही. आयटीआयनंतर डिप्लोमा, डिप्लोमानंतर बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असा रस्ता आहे. लांबचा आहे, पण वाटेत पगार मिळतो.

मात्र कुठलाही रस्ता घेतला तरी पगाराच्या आकड्याशेजारी तीन प्रश्न लिहून ठेव, असं मी त्याला म्हटलं. पहिला: इथं जे शिकतोयस ते दुसऱ्या गेटवर चालेल का, आणि चालेल हे दाखवायला हातात काय असेल? दुसरा: उद्या पुढं शिकावंसं वाटलं तर दार उघडं राहतंय का? तिसरा: पगार आज थांबला तर घर किती महिने चालेल? काकांच्या मिलच्या नोकरीला पगाराचे पैकीच्या पैकी मार्क होते आणि या तिन्ही प्रश्नांना शून्य. पिथमपूरमध्ये आज एकाच लाइनवर कायम आणि ठेकेदाराचे असे दोन कामगार शेजारी उभे असतात, काम जवळपास सारखं, पगारात मोठा फरक. कायम असलेल्याचा पगार बघून मुलगा हुरळतो, पण त्याच्या वाट्याला येणारी नोकरी कदाचित दुसऱ्या रांगेतली असेल. म्हणून बाबांचा आजचा पगार हा मुलाच्या हिशेबात धरायचा आकडाच नाही.

हे सगळं वाचून आपल्यातले आयटीवाले समाधानानं मान डोलावत असतील, तर त्यांच्यासाठी पुढचा भाग. ज्या १९९१ मध्ये हुकुमचंद बंद झाली त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारनं सॉफ्टवेअर निर्यातीसाठी एसटीपीआय ही संस्था स्थापन केली. एक गेट बंद होत होतं, दुसरं उघडत होतं. आपण त्या दुसऱ्या गेटातून आत गेलो, शिफ्ट, ओळखपत्र आणि बोनससकट. माझ्या क्षेत्रात एकाच कंपनीच्या एकाच सॉफ्टवेअरवर बारा-बारा वर्षं घालवलेले लोक आहेत. त्यातले कोपरे त्यांना काकांच्या साच्यासारखे आवाजावरून कळतात. बाहेर मुलाखतीला गेले की फॉर्ममध्ये तो अनुभव कुठं लिहायचा कळत नाही. त्यांच्याकडं बीईचं प्रमाणपत्र आहे, पण ते बावीसाव्या वर्षाचं आहे. त्यानंतर काय शिकलात, याचं उत्तर त्यांच्या घराच्या हप्त्याच्या आकड्यात दडलेलं असतं. पगार आला, हप्ता ठरला, आणि शिकणं 'वेळ मिळाला की' या खात्यात गेलं. बनियाची वही गेली, बँकेचं ॲप आलं. प्रश्न तोच, "कौनसी मिल में?"

आणि आपण मुलांना काय सांगतो? "चांगला अभ्यास कर, चांगलं पॅकेज मिळेल." काकांच्या चाळीत सांगत, "शिकून काय करायचं, पगार चांगला आहे." ऐकायला ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण माप एकच आहे. दोन्हींत शिक्षणाची किंमत पहिल्या पगारावर ठरते. त्या मापानं मोजायचं असेल तर ज्या दिवशी शिक्षणाशिवाय जास्त पगार मिळेल त्या दिवशी मूल शाळा सोडेल, आणि त्याला थांबवायला आपल्याकडं एकही शब्द नसेल. वहिनी माझ्याकडं बघत होत्या ते त्याच शब्दासाठी.

आत्यांनी तो शब्द कधी उच्चारला नाही, पण त्या निवृत्त झाल्यावरही शेजारच्या मुलांना गणित शिकवतात आणि मध्यंतरी नातीकडून मोबाइलवर मराठी टायपिंग शिकल्या. कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "येत नव्हतं म्हणून." त्यांना त्याचा पगार मिळत नाही. १९९१ मध्ये भाच्याचं शिक्षण चालू राहिलं ते मात्र याच सवयीमुळं.

आता आपल्या मंडळापुरती एक विनंती. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. दहावी-बारावीचे टक्के वाचून दाखवतो, इंजिनिअरिंगवाल्यांच्या नावापुढं कंपनी सांगतो आणि अलीकडं पॅकेजही हळूच सांगतो. समोर बसलेली लहान मुलं ते ऐकतात आणि माप शिकतात. यंदा यादी करताना आयटीआयची ट्रेड परीक्षा पास झालेली मुलं-मुली घ्या. नोकरी करत डिप्लोमा पूर्ण केलेला एखादा पस्तिशीचा कामगार घ्या. मुलं मोठी झाल्यावर पदवी पूर्ण केलेली एखादी गृहिणी घ्या. पॅकेजचा आकडा कोणाचाच वाचू नका, त्यांनी काय शिकलं आणि कसं, ते दोन वाक्यांत सांगायला लावा. आपल्या ओळखीत अशी नावं असतील तर गुढीपाडव्याच्या आत मंडळाच्या कार्यकारिणीकडं कळवा. आमच्या घरातून एक नाव मी आधीच दिलं आहे, ते अजून बारावीत आहे, पण त्याच्या बाबांचं प्रमाणपत्र आजवर कोणी स्टेजवर वाचलेलं नाही.